हरणाऱ्या संघावर जीव का जडतो?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडला नोकरीला आहे. तिथे 'ब्राउन्स' नावाचा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ आहे आणि भाचा त्याचा कट्टर चाहता झाला आहे. संघ मात्र वर्षानुवर्षं हरतो. रविवारी सामना झाला की त्याचा फोन येतो आणि अर्धा तास संघाच्या मालकाचा उद्धार चालतो. 'मग सोडून दे ना बापा, दुसरा जिंकणारा संघ धर,' असं म्हटलं की तो माझ्यावरच चिडतो. पदरचे पैसे घालून, बर्फात कुडकुडत हरणारा संघ पाहायला माणसं का जातात? हा संघ इतका हरतो तरी का? आपल्या भागात असं कधी झालंय का? आणि अशा चाहत्याला समजवावं, की त्याचंच बरोबर आहे? — एक वाचक, मलकापूर (जि. बुलढाणा)

उत्तर : भाच्याचंच बरोबर आहे, हे आधी सांगून टाकतो. कारणं एकेक करून देतो, पण त्याआधी दोन तारखा शेजारी ठेवून पाहा.

३१ डिसेंबर २०१७ रोजी ब्राउन्स पिट्सबर्गमध्ये २८-२४ असे हरले आणि त्या मोसमातले सोळाच्या सोळा सामने त्यांनी गमावले. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या आपल्या संघाला त्यासाठी साठ वर्षं लागली. एका संघाने हरण्याची हद्द गाठली, त्याच वेळी दुसऱ्याने हरण्याची परंपरा मोडली. साठ वर्षं विदर्भाला धरून राहिलेला माणूस आणि तुमचा भाचा हे दोघं एकाच मातीचे आहेत. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर क्लीव्हलँडइतकंच नागपुरातही सापडतं.

ब्राउन्स इतके का हरतात?

खेळाची थोडी ओळख करून घेऊ. अमेरिकन फुटबॉल हा पायाने खेळायचा फुटबॉल नाही. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. लांबट चेंडू हातात घेऊन पळत किंवा पुढे फेकून सरकायचं असतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलात तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. आक्रमणाची सूत्रं ज्याच्या हातात असतात तो क्वार्टरबॅक. तो चांगला नसेल तर बाकीचे दहा कितीही तगडे असून भागत नाही. ब्राउन्सचं दुखणं नेमकं तिथे आहे. १९९९ पासून २०२४ च्या मोसमापर्यंत त्यांनी या एका जागेवर चाळीस वेगवेगळे खेळाडू उतरवून पाहिले.

या खेळाच्या मुख्य लीगमध्ये बत्तीस संघ आहेत. पूर्वी प्रत्येक संघ मोसमात सोळा सामने खेळायचा, २०२१ पासून सतरा खेळतो. क्रिकेटच्या मानाने हे सामने फार थोडे आहेत, त्यामुळे एकेक पराभव पुढचा आठवडाभर अंगावर राहतो. ब्राउन्सनी शेवटचं विजेतेपद १९६४ साली मिळवलं. 'सुपर बोल' हा अंतिम सामना जानेवारी १९६७ मध्ये सुरू झाला आणि त्यात ब्राउन्स आजवर एकदाही पोहोचलेले नाहीत. २०१६ मध्ये त्यांनी सोळापैकी एक सामना जिंकला, २०१७ मध्ये एकही नाही. त्यानंतरचा विजय २० सप्टेंबर २०१८ रोजी आला. आधीच्या विजयाला तेव्हा ६३५ दिवस उलटले होते. मधल्या दोन मोसमांत बत्तीस सामन्यांत एक विजय अशी कामगिरी असूनही प्रशिक्षक पदावर कायम राहिला होता. भाचा मालकाचा उद्धार करतो तो अशा निर्णयांमुळे.

इथे या लीगची घडी समजून घ्यायला हवी. दूरचित्रवाणीचा प्रचंड पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो. हरणारा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही, कारण खालची श्रेणीच नाही. उलट पुढच्या वर्षी विद्यापीठांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड करताना सगळ्यांत तळाच्या संघाला पहिला मान मिळतो. हेतू चांगला आहे : दुबळ्याला बळ मिळावं आणि लीग एकतर्फी होऊ नये. पण त्याचा दुसरा परिणामही होतो. हरणं मालकाला परवडतं. आज हरा, उद्या चांगला खेळाडू निवडा, असा हिशेब मांडता येतो. त्या हिशेबात खेळाडूंची उमेदीची वर्षं जातात, प्रेक्षकांचे रविवार जातात आणि त्यांची भरपाई कोणी करत नाही. हरण्याची झळ ज्याला सर्वांत कमी लागते त्याच्याच हातात निर्णय असतात. हरणाऱ्या व्यावसायिक संघाचं मूळ दुखणं मला यात दिसतं.

आपल्या भागात असं झालंय का?

झालंय, आणि क्लीव्हलँडसारखंच वर्षानुवर्षं झालंय.

तुमचं मलकापूर विदर्भाच्या पश्चिम टोकाला आहे. शेजारच्या मुक्ताईनगरचा मुलगा जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्राच्या संघासाठी धडपडतो. खाली जालन्याचा मुलगाही महाराष्ट्राचाच. मधल्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलाचा रस्ता मात्र नागपूरकडे जातो. एका राज्यात रणजीचे तीन संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा करंडक जिंकला. मुंबईच्या नावावर बेचाळीस विजेतेपदं आहेत. तेव्हा बुलढाण्यातल्या क्रिकेटवेड्याला जिंकणारा संघ धरायचा असता तर तो शोधायला लांब जावं लागत नव्हतं. मलकापूर स्टेशनावरून मुंबईची गाडी मिळते तशी मुंबईच्या विजयाची बातमीही रोज घरपोच मिळत होती. तरीही पेपरात एका कोपऱ्यात विदर्भाचा धावफलक शोधणारी माणसं शेगावात, खामगावात, चिखलीत होतीच.

विदर्भाची वाट अवघड का होती ते पाहू. सुरुवातीला मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाने संघ रणजीत उतरत असे. १९५७-५८ पासून विदर्भ वेगळा खेळू लागला आणि मध्य विभागात राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, रेल्वे यांच्याशी गाठ पडू लागली. राजस्थान तर साठच्या दशकात जवळजवळ दरवर्षी अंतिम सामना खेळत होता. अशा गटात वर्षाकाठी चार सामने मिळायचे. ते हरले की मोसम संपला. चार सामन्यांत कोणाला हेरणार आणि कोणाला घडवणार? गुणी मुलगा एकतर नोकरी धरून खेळ सोडायचा किंवा दुसऱ्या राज्यात जायचा. भारतासाठी एकदिवसीय सामने खेळलेला नागपूरचा प्रशांत वैद्य रणजीत बंगालकडूनही खेळला. आणि सगळ्यांत मोठा दाखला कर्नल सी. के. नायडूंचा. जन्म नागपूरचा, १८९५ सालचा. १९३२ साली ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले, पण रणजीतला त्यांचा सुवर्णकाळ इंदूरच्या होळकर संघाच्या वाट्याला गेला. २००२-०३ मध्ये रणजीची एलिट आणि प्लेट अशी विभागणी झाली तेव्हा विदर्भ प्लेटमध्ये, म्हणजे दुय्यम गटात होता. आपल्याकडे हरणाऱ्याला पहिली निवड मिळत नाही, त्याला खालच्या पंक्तीला बसवलं जातं. विदर्भाचा खेळाडू म्हणून कसोटी खेळण्याचा पहिला मान मिळाला तो खापरखेड्याजवळच्या कोळसा खाणकामगाराच्या मुलाला, उमेश यादवला, नोव्हेंबर २०११ मध्ये. विदर्भ रणजीत उतरल्याला तेव्हा चोपन्न वर्षं झाली होती.

मग बदललं काय? नशीब फळफळलं, असं कोणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. काम झालं म्हणून दिवस बदलले. २००८ साली नागपूरजवळच्या जामठ्याचं नवं मैदान कसोटीसाठी उघडलं. नागपूरचे वकील शशांक मनोहर विदर्भ क्रिकेट संघटनेचं आणि त्याच वर्षापासून भारतीय क्रिकेट मंडळाचंही नेतृत्व करत होते. संघटनेने निवासी अकादमी चालवली, वयोगटांच्या संघांवर पैसा आणि प्रशिक्षक लावले. बाहेरचे अनुभवी खेळाडू आणताना नावापेक्षा उपयोग पाहिला. कर्नाटकचा गणेश सतीश आणि मुंबईचा वसीम जाफर इथे आले आणि इथल्या मुलांचे मोठे भाऊ बनून राहिले. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. त्यांची शिस्त कडक. कर्णधार फैज फजल २००३ पासून प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळत असलेला, आपल्या संघाची उपेक्षा जवळून पाहिलेला.

त्या मोसमात काय घडलं ते विदर्भाच्या चाहत्याला तोंडपाठ आहे. उपांत्यपूर्व फेरीत केरळला ४१२ धावांनी हरवलं. उपांत्य फेरीत ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला जिंकायला १९८ धावा हव्या होत्या. ते १९२ वर आटोपले. पाच धावांनी विजय! स्थापत्य अभियंता असलेल्या रजनीश गुरबानीने त्या सामन्यात बारा बळी घेतले. अंतिम सामन्यात त्यानेच हॅट्‌ट्रिक केली, तीही तिन्ही त्रिफळे उडवून. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती अवघी दुसरी हॅट्‌ट्रिक, याआधीची १९७२-७३ ची होती. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक ठोकलं ते नेमकं याच सामन्यात, १३३ धावांचं. नागपुरात जन्मलेल्या नायडूंनी ज्या होळकर संघाला मोठं केलं, त्याच होळकरांच्या नावाच्या मैदानावर नागपूरच्या संघाने करंडक उचलला.

तो एका वर्षाचा चमत्कार नव्हता, हे पुढच्याच वर्षी कळलं. ७ फेब्रुवारी २०१९ रोजी नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. आदित्य सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. पाठोपाठ इराणी करंडकही राखला. ती तारीख होती १६ फेब्रुवारी. दोनच दिवसांपूर्वी पुलवामात जवानांवर दहशतवादी हल्ला झाला होता. फैज फजलने विजेतेपदाची रक्कम हुतात्मा जवानांच्या कुटुंबांना देण्याचं जाहीर केलं. त्या चाळीस जवानांत आपल्या जिल्ह्याचे दोघं होते, एक तुमच्या मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. संघ 'आपला' कशाने होतो, असं कोणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो. करंडक त्यानंतर येतो.

मग माणसं संघ सोडत का नाहीत?

मानसशास्त्राने हा प्रश्न अभ्यासला आहे, आणि तोही अमेरिकन फुटबॉलच्याच निमित्ताने. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की पुढच्या सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येत. संघ जिंकला तर 'आपण जिंकलो' म्हणत, हरला तर 'ते हरले' म्हणत. दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात आपणही थोडं शेकून घ्यावं, ही माणसाची सहज प्रवृत्ती आहे. त्या हिशेबाने तुमच्या भाच्याने ब्राउन्सची टोपी केव्हाच काढून ठेवायला हवी होती.

पण सगळेच चाहते या हिशेबात बसत नाहीत. जो यशासाठी आला तो अपयशात जातो. जो माणसांसाठी आला तो राहतो. क्लीव्हलँड हे एरी सरोवराकाठचं पोलादाचं आणि कारखान्यांचं शहर. कारखाने बंद पडले, लोकसंख्या घटली. अशा शहरात रविवारचा सामना हे सगळ्यांना एकत्र आणणारं जे थोडं उरलं त्यातलं एक. मैदानाच्या एका टोकाला 'डॉग पाउंड' नावाची जागा आहे. १९८० च्या दशकापासून तिथे चाहते कुत्र्याचे मुखवटे घालून बसतात, भुंकून समोरच्या संघाला हैराण करतात. बाप तिथे बसत होता म्हणून मुलगा बसतो. गावापासून हजारो मैलांवर गेलेल्या तुमच्या भाच्याला त्या गर्दीत ओळखपाळख न विचारता जागा मिळाली असेल, तर ती सोडायला तो तयार नाही यात नवल नाही. परगावी माणसाला घर मिळतं, पण आपल्या लोकांची गर्दी सहज मिळत नाही.

आणि हरण्याच्या काळात मिळतं ते एक वेगळंच धन, जाणतेपण. जिंकणाऱ्या संघाचा चाहता करंडक मोजतो. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला राखीव गोलंदाजाचंही नाव माहीत असतं. एकोणीस वर्षांखालच्या संघातला कोणता मुलगा दोन वर्षांनी वर येईल, कोणत्या निवडीत चूक झाली, हे त्याला कळतं, कारण आशा ठेवायला त्याच्याकडे एवढंच असतं. विदर्भ २०१८ मध्ये जिंकला तेव्हा बाकीच्या देशाला 'हा संघ आला कुठून' असं वाटलं. इथल्या जुन्या चाहत्याला प्रत्येक खेळाडू कुठून आला ते ठाऊक होतं. त्याचा आनंद वेगळा होता आणि जास्त खोल होता. साठ वर्षांचे पराभव ज्याने सोसले त्यालाच एका विजयाची खरी किंमत करता येते.

सोळा पराभवांनंतर क्लीव्हलँडच्या चाहत्यांनी काय केलं, तेही ऐका. ६ जानेवारी २०१८ रोजी, कडाक्याच्या थंडीत, हजारो लोकांनी आपल्या स्टेडियमभोवती फेरी काढली. मिरवणूक होती शून्य विजयांची, आणि मार्गही शून्याच्या आकाराचा. अशीच फेरी आदल्या वर्षी ठरली होती, पण संघाने एक सामना जिंकला म्हणून ती रद्द झाली आणि तिच्यासाठी जमलेला पैसा शहरातल्या गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला देण्यात आला. या वेळीही त्याच संस्थेसाठी मदत गोळा झाली. काही खेळाडूंना ती मिरवणूक झोंबली. त्यांचं दुःख मला समजतं. पण मिरवणुकीचा रोख त्यांच्यावर नव्हता, संघ चालवणाऱ्यांवर होता. ती माणसं घरी बसून टीव्ही बंद करू शकली असती. त्यांनी तसं केलं नाही. आम्ही इथेच आहोत आणि आम्हाला हे मान्य नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी सांगितल्या. निष्ठेचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

संघच निघून गेला तर?

तुम्ही हे विचारलेलं नाही, पण भाच्याचा राग समजायला हे माहीत हवं. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी ब्राउन्सच्या तेव्हाच्या मालकाने संघ बाल्टिमोरला हलवणार असल्याचं जाहीर केलं. मैदानं भरत होती, चाहते निष्ठावान होते, तरीही. क्लीव्हलँड शहर कोर्टात गेलं. लोकांनी चळवळ केली. शेवटी तडजोड झाली : खेळाडू गेले, पण ब्राउन्स हे नाव, रंग आणि सगळा इतिहास शहराकडे राहिला आणि १९९९ मध्ये नवा संघ त्याच नावाने उभा राहिला. मधली तीन वर्षं चाहत्यांना संघच नव्हता. वर, बाल्टिमोरला गेलेल्या संघाने जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल जिंकला. शहराने एवढं सोसून नाव राखलं असेल, तर 'ते सोडून दुसरा संघ धर' म्हणणं तिथल्या माणसाला का लागतं, ते लक्षात येईल.

आपल्याकडे पुण्याने असाच अनुभव घेतला. आयपीएलमध्ये २०११ साली आलेला पुणे वॉरियर्स २०१२ मध्ये तळाला राहिला आणि २०१३ नंतर संपला. २०१६ मध्ये आलेला दुसरा पुण्याचा संघ २०१७ चा अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने हरला आणि तोही गेला. चाहत्याने टोपी विकत घेतली होती, संघ कोणाचा हे मात्र करारात ठरलं होतं. कबड्डीत उलटं घडलं. पुणेरी पलटण २०१४ मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या मोसमात तळाला होती, पण ती टिकली, तरुण खेळाडू घडवत राहिली आणि १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून विजेती झाली. हरणारा संघ सुधारू शकतो. गुंडाळलेल्या संघाला ती संधीच मिळत नाही. म्हणून विदर्भाच्या साठ वर्षांत मला सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की संघ बंद पडला नाही, दुसरीकडे गेला नाही, हरत हरत पण खेळत राहिला.

मग चाहत्याला काय सांगावं?

सोडून दे, असं सांगू नका. पण निष्ठा म्हणजे डोळे मिटून टाळ्या वाजवणं नव्हे, एवढं जरूर सांगा. माझ्या मते खऱ्या चाहत्याकडे तीन गोष्टी हव्यात.

पहिली, पराभवातला फरक ओळखणं. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भ रणजीचा अंतिम सामना मुंबईकडून १६९ धावांनी हरला. आकडा मोठा दिसतो. पण ५३८ धावांचं अशक्य वाटणारं लक्ष्य समोर असताना संघाने चौथ्या डावात ३६८ केल्या. अक्षय वाडकरने कर्णधाराला साजेसं शतक केलं, आणि तो व हर्ष दुबे खेळत होते तोवर मुंबईचा जीव टांगणीला होता. त्या पराभवात पुढच्या वर्षाचं बीज होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपुरात उपांत्य फेरीत विदर्भाने त्याच मुंबईला ८० धावांनी हरवलं. मग जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा रणजी करंडक जिंकला. दानिश मालेवारने १५३ आणि ७३ धावा केल्या, करुण नायरने ८६ आणि १३५. हर्ष दुबेने मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. असा पराभव डोक्यावर घ्यावा. बत्तीस सामन्यांत एक विजय आणि तरी कोणाला जबाबदार धरलं जात नाही, अशा पराभवाला मात्र जाब विचारावा.

दुसरी, राग योग्य जागी काढणं. झेल सुटलेल्या बावीस वर्षांच्या पोराला शिव्या घालणं सोपं असतं. संघ कोणी निवडला, प्रशिक्षक दर दोन वर्षांनी का बदलतो, खालच्या वयोगटांवर खर्च किती होतो, हे प्रश्न अवघड असतात आणि तेच विचारायचे असतात. त्या बाबतीत तुमचा भाचा शहाणा आहे : तो खेळाडूंना नाही, मालकाला बोलतो.

तिसरी, जिंकण्यासाठी काहीही चालेल असं न म्हणणं. २०२२ मध्ये ब्राउन्सनी डेशॉन वॉटसन हा क्वार्टरबॅक आणला. त्याच्यासाठी नव्या खेळाडूंच्या निवडीतले पहिल्या फेरीचे तीन वर्षांचे हक्क दिले आणि २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार केला. त्या वेळी त्याच्यावर वीसहून अधिक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. त्याने आरोप नाकारले, पण लीगने त्याला अकरा सामन्यांची बंदी आणि ५० लाख डॉलरचा दंड केला. कित्येक जुन्या चाहत्यांना, विशेषतः स्त्रियांना, त्या दिवशी संघ परका वाटला. खेळाच्या दृष्टीनेही तो सौदा फसला. २०२४ मध्ये ब्राउन्सनी सतरापैकी तीनच सामने जिंकले. पण समजा ते जिंकले असते, तरी तो निर्णय बरोबर ठरला नसता. पराभवात संघाला सोबत करणारा चाहता हे सांगायला सगळ्यांत लायक असतो, कारण तो करंडकासाठी आलेला नाही हे त्याने सिद्ध केलेलं असतं.

तेव्हा पुढच्या रविवारी भाच्याचा फोन आला की त्याला दुसरा संघ सुचवू नका, त्याचं ऐकून घ्या. त्याला विदर्भाची गोष्ट सांगा. ब्राउन्स पुढच्या वर्षी जिंकतीलच असं वचन ती गोष्ट देत नाही, पण व्यवस्था सुधारली तर साठ वर्षं हरलेला संघही सात वर्षांत तीन करंडक जिंकतो, हे ती सिद्ध करते.

आणि एक विनंती तुम्हाला. भाच्याच्या संघाला स्टेडियमभर माणसं मिळतात. आपला संघ तीन वेळचा विजेता असूनही रणजीच्या सामन्याला स्टँड बहुतेक रिकामेच असतात. रणजी पाहायला बहुधा तिकीटही पडत नाही. मलकापूरहून, शेगावहून नागपूरला थेट गाडी आहे, मेहकर आणि सिंदखेडराजावरून समृद्धी महामार्ग जातो. या मोसमात दोन दिवस काढा, तालुक्यातली क्रिकेट खेळणारी चार पोरं बरोबर घ्या आणि जामठ्याला जाऊन बसा. संघ हरत असताना सोबत करणं मोठेपणाचं आहेच, पण जिंकणाऱ्या आपल्या संघाला एकटं पाडणं हेही बरं नव्हे.